चालत्या माणसाचा चेहरा आणि कॅमेऱ्याचा फोकस

चौदा एप्रिलची मिरवणूक आटोपली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून गेवराईत घरोघर फोटो पाहण्याचा कार्यक्रम सुरू होतो. पूर्वी रोल धुऊन यायला आठ-आठ दिवस लागत. आता रात्रीच मोबाईलवर फोटो येऊन पडतात. रथ झकास आलेला असतो. रथावरची बाबासाहेबांची तसबीर ठसठशीत, निळ्या झेंड्याची घडी न् घडी मोजून घ्यावी अशी. आणि रथाच्या पुढे पांढरी साडी नेसून, सुनेच्या हाताला धरून चालणाऱ्या आजी? त्या मात्र धुक्यातून आल्यासारख्या. डोळे कुठे, नाक कुठे, काही उमगत नाही.

मग कारणे सांगितली जातात. उजेड कमी होता, कॅमेरा स्वस्तातला होता, आजीच हलल्या. तिन्ही थोडी थोडी खरी असतात. पण ज्या कॅमेऱ्याने झेंड्याची घडी टिपली त्याला आजींचा चेहरा टिपता आला नसता असे नाही. बहुतेक वेळा चूक एका लहानशा निवडीत असते. कॅमेऱ्याने फोकस कसा धरावा, एकदाच धरून थांबावे की माणसाबरोबर सतत सरकत राहावे, ही ती निवड. विकत घेताना दुकानदार ती समजावून सांगत नाही, आणि कॅमेऱ्याबरोबरचे पुस्तक कोणी उघडत नाही. म्हणून आज कुटुंबाच्या या पानावर आम्ही तिच्याविषयीच लिहीत आहोत.

एवढ्याशा गोष्टीसाठी लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी आपल्या तालुक्याचे वर्ष कसे जाते ते आठवावे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन निघतात; कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माणसे परत येतात. म्हणजे घरातली सगळी माणसे एका जागी, धुतलेल्या कपड्यांत, आनंदाने चालताना दिसण्याचा दिवस कोणता, तर जयंतीचा. कितीतरी घरांत वडीलधाऱ्यांचा आधारकार्डाखेरीज दुसरा फोटो नसतो. पुढे ते माणूस गेले की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तसबीर हवी म्हणून धावाधाव होते आणि कोणीतरी जयंतीच्या फोटोतून चेहरा कापून मोठा करून आणतो. तो चेहरा मुळातच पुसट असेल तर तसबीरही पुसटच होते. मोठा करून स्पष्ट होतो तो फक्त पुसटपणा.

हळू चालणे कॅमेऱ्याला का फसवते

धावणाऱ्या पोराचा फोटो काढताना आपण आपोआप सावध होतो. स्टेजवर उभ्या असलेल्या पाहुण्यांचा काढताना निर्धास्त असतो. मिरवणुकीतले माणूस या दोहोंच्या मध्ये आहे. ते इतके सावकाश चालते की डोळ्याला जवळजवळ उभेच वाटते. म्हणून आपण उभ्या माणसासारखा फोटो काढतो आणि तिथेच गल्लत होते.

थोडा हिशेब मांडू. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांकडे लहान सेन्सरचा डीएसएलआर आणि त्यावर ५० मिलिमीटरची १.८ ॲपर्चरची स्वस्त, चांगली लेन्स असते. ती पूर्ण उघडी ठेवून तीन मीटरवरच्या माणसावर फोकस धरला तर पुढून मागे मिळून साधारण २५ सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. त्यातला जेमतेम १२ सेंटिमीटर माणसाच्या पुढे असतो. मिरवणुकीत माणूस सेकंदाला अर्धा मीटर चालते असे धरा; हे फारच सावकाश झाले, ताशी दोन किलोमीटरसुद्धा नाही. तरी १२ सेंटिमीटर ओलांडायला त्याला पाव सेकंद पुरतो. आपण मात्र बटण अर्धे दाबतो, टिट्-टिट् ऐकतो, चौकट जरा डावीकडे सरकवतो, आजींनी वर पाहण्याची वाट बघतो आणि मग बटण पूर्ण दाबतो. यात सेकंदभर सहज जातो. तेवढ्यात आजी अर्धा मीटर पुढे आलेल्या असतात आणि फोकस त्यांच्या पाठीमागच्या रिकाम्या हवेत, किंवा मागच्या रथावर, राहिलेला असतो.

त्या टिट्-टिट् आवाजावर आपला फार विश्वास. ‘फोकस लागला’ एवढेच तो सांगतो. तो लागला त्या क्षणी माणूस कुठे होते याचे ते प्रमाणपत्र असते. आता कुठे आहे याबद्दल तो काहीच बोलत नाही.

तीन पद्धती, आणि तिसरीचा मोह

कंपनी कोणतीही असो, फोकस धरण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिली, एकदा धरून कुलूप लावण्याची. कॅननवर तिला ‘वन शॉट’ म्हणतात, निकॉन-सोनीवर ‘एएफ-एस’. दुसरी, बटण अर्धे दाबलेले असेपर्यंत सतत फोकस करत राहण्याची. कॅननच्या डीएसएलआरवर ती ‘एआय सर्व्हो’, नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर नुसती ‘सर्व्हो’, आणि निकॉन-सोनीवर ‘एएफ-सी’. तिसरी, कॅमेऱ्याने स्वतःच ठरवण्याची. समोरचे स्थिर आहे असे वाटले तर कुलूप, हलते आहे असे वाटले तर सतत. तिचे नाव ‘एआय फोकस’ किंवा ‘एएफ-ए’.

ऐकायला तिसरी सर्वांत शहाणी वाटते. कॅनन १५००डी पूर्ण ऑटोवर ठेवला की हीच पद्धत चालते आणि निकॉन डी३५०० नवा आणला की याच पद्धतीवर लावलेला असतो. आपल्या कामाला मात्र हीच सर्वांत वाईट, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा कॅमेरा आधी समोरचे माणूस स्थिर आहे असे धरून चालतो आणि हालचाल जाणवली तर पद्धत बदलतो. धावणारा पोरगा त्याला जाणवतो. काठी टेकत येणारे आजोबा जाणवतीलच असे नाही. उलट आपणच चौकट जरा सरकवली तर त्याला समोरचे हलले असे वाटू शकते आणि लागलेला फोकस तो सोडून देतो. हळू चालणारी माणसे नेमकी या गोंधळाच्या सीमारेषेवर असतात.

तेव्हा माणूस चालते आहे, मग कितीही हळू का असेना, तर दुसरी पद्धत घ्यावी. एआय सर्व्हो किंवा एएफ-सी. तिचे काम कसे चालते ते समजून घेतले की तिच्यावर भरवसा बसतो. भिंगातून येणारा प्रकाश कॅमेरा दोन बाजूंनी पाहतो, जसे आपण दोन डोळ्यांनी पाहतो. दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत त्यावरून फोकस पुढे न्यायचा की मागे, आणि किती, हे त्याला कळते. सर्व्होमध्ये तो हे मोजमाप पुन्हा पुन्हा करतो. दोन-तीन मोजमापांवरून माणूस कोणत्या वेगाने जवळ येत आहे हे काढतो, आणि बटण दाबल्यापासून पडदा उघडेपर्यंत जो क्षणाचा अंश जातो तेवढ्यात माणूस कुठे पोचेल याचा अंदाज बांधून लेन्स आधीच तिथे नेतो. हळू, एकसारखे चालणारे माणूस हा या गणिताचा अगदी सोपा धडा आहे. खेळाडूच्या मागे धावणारा कॅमेरा आजींच्या मागे सहज चालतो. त्याला तसे सांगावे मात्र लागते.

सर्व्होवर आल्यावर पहिल्यांदा माणूस बावरते, कारण टिट्-टिट् ऐकू येत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो. काम कधी संपतच नाही, तर संपल्याची घंटा कशी वाजणार? बटण अर्धे दाबून ठेवावे, निदान अर्धा-एक सेकंद त्याला माणसाच्या मागे चालू द्यावे आणि मग तीन-चार फोटोंची मालिका घ्यावी. १५००डी सेकंदाला तीन फोटो काढतो, डी३५०० पाच. चालणाऱ्या माणसाला तेवढे पुष्कळ. त्यातल्या एकात पापणी मिटलेली असेल, एकात पुढच्याचा हात आडवा आला असेल, एक नेमका असेल.

दुसरी सूचना ठिपक्याची. खिडकीतून पाहिले की दिसणाऱ्या सगळ्या ठिपक्यांना मोकळे सोडले तर कॅमेरा बहुधा जे सर्वांत जवळ असेल ते धरतो. मिरवणुकीत सर्वांत जवळ काय असते? लेझीम, झेंड्याची काठी, नाहीतर कोणाची तरी उंचावलेली मूठ. म्हणून एकच ठिपका निवडावा. वर सांगितलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांत मधला ठिपका सर्वांत पक्का आहे, कारण आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा तोच एक. तो चेहऱ्यावर ठेवावा आणि चौकट थोडी मोठी घ्यावी. नको असलेला भाग नंतर कापता येतो. ठिपका नुसत्या पांढऱ्या साडीवर पडला तर कॅमेरा चाचपडत राहतो, कारण कोऱ्या पांढऱ्यावर धरायला रेषाच नसते. चष्म्याची कड, केसांचा भांग, पदराचा काठ जिथे गालाला लागतो ती जागा, असे काहीतरी त्याला द्यावे. (पांढऱ्या कपड्यांची आणखी एक खोड आहे. चौकट पांढऱ्याने भरली की कॅमेरा सगळेच अंधारे करतो आणि सावळे चेहरे काळवंडतात. उजेडाचा काटा एक-दोन घरे अधिककडे सरकवावा. हा विषय फोकसचा नाही, पण फोटो एकच असतो.)

तसबीर स्पष्ट, माणूस पुसट

नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमध्ये कॅमेरा स्वतःच चेहरा, अगदी डोळासुद्धा शोधतो. सोय मोठी आहे, त्याबद्दल दुमत नाही. मंगल परिणयात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत स्टेजकडे सावकाश चालत येतात तेव्हा सतत फोकस आणि डोळ्याचा शोध ही जोडी चालू ठेवली तर फोटोग्राफरने फक्त चौकट सांभाळावी. पूर्वी हे काम मोठमोठ्यांना अवघड जाई.

पण आपल्या मिरवणुकीत या सोयीपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. आपल्याकडे जिकडे पाहावे तिकडे चेहरे असतात. रथावर बाबासाहेब, कमानीवर तथागत, बॅनरवर फुले-शाहू, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मशीनला छापील चेहरा आणि चालता चेहरा यांतला फरक कळत नाही. उलट छापील चेहरा तिला अधिक आवडतो. तो समोर पाहत असतो, हलत नाही, त्याच्यावर उजेड चांगला असतो, आणि आकाराने तो मोठा असतो. आजी खाली मान घालून, पदर पुढे ओढून चालतात. म्हणून कॅमेरा तसबिरीचा डोळा धरतो आणि आजींना सोडून देतो.

यावर उपाय आहे. स्क्रीनवर चेहऱ्याभोवती उमटणारी चौकट कोणाभोवती आहे हे आधी पाहावे. ती बॅनरवर गेली असेल तर आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवून ती तिथे आणावी. ज्या कॅमेऱ्यात चेहरा शोधण्याचा भाग मर्यादित करता येतो, तिथे मोठ्या चौकटीऐवजी लहान चौकट निवडून ती माणसांच्या उंचीवर ठेवावी. तरीही ऐकत नसेल तर चेहरा शोधणे सरळ बंद करावे आणि एका ठिपक्यावर परत यावे. बाबासाहेबांच्या तसबिरीचा स्पष्ट फोटो घरोघर आहे. आजींचा नाही.

यंत्राला सगळे चेहरे सारखेच दिसतात असेही समजू नये. अमेरिकेत २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या दोन संशोधक महिलांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालींची ती होती. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. या प्रणालींना ज्या फोटोंवरून शिकवतात त्या फोटोंत कोण आहे आणि कोण नाही, हा मुख्य प्रश्न पुढे आला. ती तपासणी कॅमेऱ्याच्या फोकसची नव्हती हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण यंत्र तटस्थ असते हा भाबडा समज सोडायला ती पुरेशी आहे. संध्याकाळी, पाठीमागे रथाचे झगझगीत दिवे आणि पुढे सावळा चेहरा असताना कॅमेऱ्याने चेहरा ओळखला नाही, तर चेहऱ्यात काही उणे नाही. अशा वेळी ठिपका आपल्या हाताने ठेवावा.

जेव्हा ऑटोफोकस नव्हता

१९८५ साली जपानच्या मिनोल्टा कंपनीने ७००० हा कॅमेरा बाजारात आणला. फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या पोटातच असलेला, लेन्स बदलता येणारा तो पहिला यशस्वी कॅमेरा. त्याआधी फोटो काढणाऱ्याने अंतर डोळ्याने ओळखून, हाताने कडे फिरवून फोकस धरायचा. आता आपल्या इतिहासाकडे पाहा. २० मार्च १९२७ ला महाडला माणसे मिरवणुकीने चवदार तळ्यावर चालत गेली. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत राजगृहापासून दादरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत बाबासाहेबांच्या मागे अथांग जनसमुदाय पायी चालला. नामांतरासाठी १९७९ साली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. विद्यापीठाला नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. आपला इतिहास बराचसा असा चालत घडलेला आहे. त्यातले जे फोटो उपलब्ध आहेत ते काढणाऱ्यांपैकी कोणाजवळही माणसाबरोबर सरकणारा फोकस नव्हता.

मग ते काय करीत? त्यांची युक्ती आजही उपयोगी आहे आणि गर्दीत तर सर्व्होपेक्षा सरस ठरते. माणसाचा पाठलाग करायचा नाही. एक जागा ठरवायची, तिथे फोकस बांधून ठेवायचा, आणि माणसे त्या जागी आली की बटण दाबायचे. आपल्या १८-५५ लेन्सवर हे असे करावे. लेन्स ३५ वर ठेवावी, ॲपर्चर ८. सात-आठ पावलांवर, म्हणजे सुमारे पाच मीटरवर, विजेचा खांब किंवा उभा असलेला मित्र पाहून फोकस धरावा आणि लेन्सवरचे बटण ‘एमएफ’वर सरकवावे. आता लेन्स झूम करायची नाही, कड्याला हात लावायचा नाही. तीन मीटरपासून जवळजवळ चौदा मीटरपर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. लेन्स १८ वर आणून दोन मीटरवर फोकस बांधला तर हाताच्या अंतरापासून पार रस्त्याच्या टोकापर्यंत. झेंडा आडवा येवो, लेझीम येवो, कॅमेरा भुलत नाही, कारण तो कोणाच्या मागे नाहीच. मोठी तसबीर करताना बारकावे थोडे कमी पडतात, हे खरे. म्हणून एका-एका चेहऱ्यासाठी सर्व्हो आणि अख्ख्या रांगेसाठी बांधलेला फोकस, अशी वाटणी आम्ही सुचवू.

बांधलेल्या फोकसला उजेड लागतो. गेवराईत एप्रिलच्या मध्यावर पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. उन्हाच्या तडाख्यामुळे मिरवणुकीला जोर चढतो तोच मुळी त्यानंतर. म्हणून आजी-आजोबांचे, लेकुरवाळ्या बायांचे फोटो सहाच्या आधी-नंतरच्या उतरत्या उन्हात उरकून घ्यावेत. तो उजेड चेहऱ्यावर बाजूने पडतो, कॅमेऱ्याला रेषा सापडतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्याही सुंदर दिसतात. डीजे आणि रोषणाईचे फोटो रात्रभर आहेतच.

अंधार पडल्यावर

अंधारात आणखी एक पेच आहे. कॅमेऱ्याला दिसेनासे झाले की तो मदतीला लहान दिवा किंवा फ्लॅश लुकलुकवतो आणि फोकस धरतो. पण ही मदत बहुतेक डीएसएलआरमध्ये फक्त एकदा-धरून-कुलूप या पद्धतीत मिळते, सर्व्होत मिळत नाही. म्हणजे बुद्धपौर्णिमेला मेणबत्त्या घेऊन विहाराकडे निघालेल्या उपासिकांचा फोटो सर्व्होवर काढायला गेलात तर लेन्स मागेपुढे घरघरत राहील. इथे आम्ही नियम उलटा करू. वन शॉट घ्यावा आणि माणसे थांबतात त्या जागी जाऊन उभे राहावे. रांग कुठे ना कुठे थांबतेच. वळणावर, विहाराच्या पायरीवर, चपला काढताना. मेणबत्तीची ज्योत आणि अंधार यांची कड म्हणजे फोकसला उत्तम रेषा. ज्योत चेहऱ्याइतक्याच अंतरावर असेल तेव्हा ठिपका तिच्यावर ठेवावा, धरावा आणि लगेच, मनात ‘एक’ म्हणायच्या आत, फोटो घ्यावा.

थांबलेल्या माणसाला वन शॉटच बरा, हे उजेडातही खरे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी आणि आदिवासी चालत आले. त्या मोर्चाच्या हजारो फोटोंतून लोकांच्या लक्षात राहिले ते सोलवटलेले तळपाय. तळपाय दिसायचे तर माणूस टेकलेलेच हवे. चालण्याची कहाणी कधी कधी चालणे थांबल्यावरच फोटोत येते. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांची छायाचित्रे मिळाली तर तरुणांनी जरूर पाहावीत, आणि पाहताना माणूस कोणत्या क्षणी टिपले आहे, कामात की कामानंतरच्या विसाव्यात, हे शोधावे.

मग दर वेळी पद्धत बदलत बसायचे का? चालले की सर्व्हो, थांबले की वन शॉट. तोवर मिरवणूक पुढच्या चौकात. जाणते लोक यासाठी अंगठा वापरतात. कॅमेऱ्याच्या पाठीवर उजव्या अंगठ्याखाली एक बटण असते, कॅननवर तारकेचे, निकॉनवर एई-एल/एएफ-एल लिहिलेले. मेनूत जाऊन फोकसचे काम वरच्या बटणाकडून काढून या बटणाला द्यावे आणि पद्धत कायमची सर्व्हो ठेवावी. माणूस चालते तोवर अंगठा दाबून धरायचा. थांबले की अंगठा उचलायचा. फोकस आहे तिथे थिजतो, आणि वरचे बटण फक्त फोटो काढते. एका अंगठ्यात दोन्ही पद्धती येतात. पहिले दोन दिवस हात चुकतो, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती कॅमेरा दिला की त्याला काही उमजत नाही. तरीही जयंती मंडळाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने ही सवय लावून घ्यावी असा आमचा आग्रह आहे.

मोबाईलवाल्यांसाठी थोडक्यात. मोबाईलचा सेन्सर बारीक असल्याने स्पष्टतेचा पट्टा मोठा असतो, फोकस कमी चुकतो. स्क्रीनवर बोट दाबून ठेवले की फोकसला कुलूप लागते. ते चालत्या माणसासाठी नको, नुसते एकदा टेकवावे. मागचे पुसट करणारा पोर्ट्रेट मोड मिरवणुकीत बंद. संध्याकाळी मोबाईलचा फोटो बिघडतो तो बहुतेक फोकसने नव्हे, माणूस हलल्याने. कॅमेऱ्यावर निदान वेग ठरवता येतो: चालणाऱ्याला १/२५०, लेझीम खेळणाऱ्याला १/५०० सेकंद, आणि त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० करावे लागले तरी करावे. फोटोत दाणे आले तर येऊ द्यात. दाणेदार चेहरा ओळखू येतो.

सराव चौदा एप्रिलच्या आधी घरीच करावा. अंगणात एका टोकाला कॅमेरा घेऊन बसावे आणि घरातल्या थोरल्या माणसाला, ‘आजी, जरा लिंबापासून दारापर्यंत या’ अशी विनंती करावी. एकदा वन शॉटवर दहा फोटो, एकदा सर्व्होवर दहा, एकदा फोकस बांधून दहा. मग प्रत्येक फोटो डोळ्यापाशी मोठा करून पाहावा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात, म्हणून मोठा करूनच पाहायचा. आजी दोन फेऱ्यांनंतर ‘पुरे झालं रे’ म्हणतील, तेव्हा चहा करून द्यावा आणि उरलेल्या फेऱ्या लहान भावंडांकडून करून घ्याव्यात. मुली मागे उभ्या राहून नुसत्या पाहतात, असे काही घरांत दिसते. कॅमेरा त्यांच्याही हातात द्यावा. बायकांच्या रांगेत त्यांना जितक्या जवळ जाता येते तितके मुलांना जाता येत नाही, आणि आजी त्यांच्याकडे पाहून हसतात.

मिरवणुकीनंतर आठवडाभरात फोटो निवडून नावे लिहून ठेवावीत. फाईलला आधी गाव, मग माणसाचे नाव, मग साल. चार छापून घ्यावेत आणि पाठीवर पेन्सिलने तेच लिहावे; बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांचे फोटो पुढच्या रविवारी विहारात घेऊन जावेत आणि वंदना झाल्यावर जुन्या बायांना दाखवावेत. चेहरा स्पष्ट असेल तर कोणाची कोण, कोणत्या वाडीची, माहेर कुठले, हे त्या लगेच सांगतात.